एमीलच्या वतीने

८ ऑक्टोबर, बुधवार

पेलटिए मॅडमचं डोकं आज ठिकाणावर नव्हतं. दुसरं कारण मला सुचत नाही.

शेतातले बटाटे काढायची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तशी त्यांनी बारावीच्या सगळ्यांना कॉलेजच्या अर्जांसाठी एकेक करून बोलवायला सुरुवात केली. मी आणि एमील अर्थातच एकत्र गेलो. आम्ही जुळे. बालवाडीपासून आम्हाला कोणी वेगवेगळं बोलावलेलं नाही. एमील बोलताना अडखळतो, आणि त्याचं काय म्हणणं आहे ते मी सांगते. सगळ्या गावाला ते माहीत आहे.

मी म्हटलं, आमचं ठरलंय. व्हर्मांटमधलं वेदरबी कॉलेज, दोघांनाही, अर्ली डिसिजनने. एक नोव्हेंबरला अर्ज पाठवायचा, पंधरा डिसेंबरला निकाल. त्यांनी घेतलं की जायचंच, बाकी कुठे बघायचं नाही, प्रश्न मिटला.

मॅडम म्हणाल्या, "एमील, तुझं काय?"

"त्यालाही तेच," मी म्हटलं.

"मी त्याला विचारलं, कोरीन."

एमील खिडकीबाहेर बघत होता. "मि... मि..." त्याने सुरुवात केली.

"मीपण तिथेच," मी पुरं केलं.

मॅडम त्याच्याकडेच बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू रेग्युलरने कर बाई. जानेवारीत पाच-सहा ठिकाणी अर्ज कर. मार्चअखेर निकाल येतील, मग निवांत बसून निवड. तुला कसली घाई आहे?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. वर्गात दुसरी आहे मी! बाहेर आल्यावर एमीलला म्हटलं, "आपल्याला घेणार नाहीत असं वाटतंय त्यांना." तो म्हणाला, "त... तसं नसेल." मग टोपी विसरली म्हणून परत आत गेला. एक टोपी शोधायला एवढा वेळ! मी गाडी गरम करून बसले, परत थंड झाली, तरी याचा पत्ता नाही.

घरी बाबांना सगळं समजावून सांगितलं. बाबा गावाचा बर्फ काढायचा ट्रक चालवतात, त्यांना या भानगडी ठाऊक नाहीत. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे बघण्याचा कार्यक्रम नाहीच. थेट लग्न!"

१२ ऑक्टोबर, रविवार

वेदरबी का, तर एकेका वर्गात बाराच मुलं. शंभर जणांसमोर उभं राहून बोलायची वेळ येत नाही. सुतारकामाची मोठी शेड आहे. मागे जंगल आहे, माणसांचा कंटाळा आला तर निघून जाता येतं. एमीलला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

हे मी आईला सांगत होते. ती सकाळच्या प्लॉय करत होती, कुट्टूच्या पिठाची धिरडी. (आमच्या खोऱ्यात रविवारी प्लॉय झाल्या नाहीत तर तो रविवारच नव्हे.) पीठ तव्यावर ओतून ती म्हणाली, "कोरीन, एमील नसता तरी तू तिथेच गेली असतीस?"

"हा काय प्रश्न झाला? एमील आहे ना."

"असं धर, की नाही."

"असं कसं धरू?"

ती माझ्याकडे वळली आणि प्लॉय करपली. आई आणि करपलेली प्लॉय! मी चाट पडले. दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात साफ करून थकत असेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

एमील शनिवार-रविवार बर्फाच्या रिंगणावर कामाला जातो. त्याला आणायला गेले तर स्केटला धार लावणारे म्हातारे सोसिए भेटले. मला म्हणतात, "तुझा भाऊ म्हणजे नुसता पोपट. माझं डोकं उठवतो दिवसभर."

मी म्हटलं, "एमील?"

"एमील नाही तर कोण? काल यंत्राचा पट्टा तुटला, तर पट्टे कसे बनतात यावर तासभर व्याख्यान दिलं त्याने."

बिचारे. वय झालं, माणसांची गल्लत होते. मी हसून सोडून दिलं. गाडीत एमीलला सांगितलं, वाटलं तोही हसेल. तो हसला नाही. बहुतेक दमला असेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

पाठवला!

एमीलच्या खोलीत धावत गेले. "पाठवलास?"

"पाठवला."

"अर्लीच ना?"

"अर्लीच."

मी त्याला मिठी मारली. तो लाकडासारखा उभा होता. "कोरी," तो म्हणाला, "तू तु... तुझ्यासाठी केलास ना?"

"आपल्यासाठी केला, वेड्या."

एका गोष्टीचा मात्र धक्का बसला. त्याची मुलाखतही होऊन गेली म्हणे! बाबांच्या गाडीत बसून, फोनवर, एकट्यानेच. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? मी शेजारी बसले असते. म्हणाला, "म्हणूनच." म्हणजे मला त्रास नको म्हणून. असा आहे तो. कशी झाली असेल देव जाणे. माझी मुलाखत चांगली झाली होती, त्या पुण्याईवर त्यालाही घेतील.

३० नोव्हेंबर, रविवार

महिनाभर लिहिण्यासारखं काही नाही. बर्फ पडला. थँक्सगिव्हिंगला आत्येभावंडं येऊन गेली. वेदरबीला आम्हाला शेजारशेजारच्या इमारती मिळाव्यात म्हणून काय करावं लागतं ते मी शोधून ठेवलंय.

आई हल्ली माझ्याकडे अशी बघते की जणू मला ताप आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

नीट लिहिता येत नाहीये, पण लिहिलं नाही तर मी किंचाळेन.

आज चर्चच्या तळघरात बीन सपर होतं, शिजवलेल्या बीनचं गावजेवण. नेहमीसारखं लांबलचक टेबल, सगळं गाव. मिसेस बूशे आमच्या समोर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय मग, जोडी व्हर्मांटला चालली म्हणे?"

"सोमवारी कळेल," मी म्हटलं. "पण हो, दोघंही."

"नाही," कोणीतरी म्हणालं.

मला कळलंच नाही कोण बोललं. मी मागे वळूनसुद्धा बघितलं. मग एमील उभा राहिलेला दिसला. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता तो.

"मि... मि..."

"मीपण तिथेच म्हणतोय तो," मी मिसेस बूशेंना सांगितलं.

एमीलने हात वर केला. माझ्या तोंडासमोर. थांब, असा. जन्मात त्याने असं केलेलं नाही. सगळे चमचे थांबले. तो लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि किती वेळ गेला ते मला माहीत नाही, पण शेवटी शब्द बाहेर आला.

"मिनेसोटा."

टॅमरॅक कॉलेज म्हणे. मिनेसोटात. अर्ली डिसिजन. काल निकाल लागला, त्याला घेतलं. म्हणजे आता बदलता येत नाही. मी ज्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं अशा ठिकाणी माझा भाऊ जाणार, आणि ते मला बीन खाता खाता कळलं.

मिसेस बूशेंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. बाबा तोंडातला घास गिळायचे विसरले होते. मी ताटाकडे बघत बसले.

"मि... मि...", ऑक्टोबरात. मॅडमच्या खोलीत. देवा.

१४ डिसेंबर, रविवार

एक धक्का पुरला नाही. आज सकाळी अंगावर पाणी ओतल्यासारखं लक्षात आलं. अर्लीच्या करारावर तीन सह्या लागतात. मुलाची, शाळेची आणि आई किंवा वडिलांची.

खाली गेले. "बाबा, तुम्ही सही केलीत?"

"मी? मला काल तुझ्याबरोबरच कळलं. अजून माझे कान वाजतायत." त्यांनी आईकडे बघितलं. मीही बघितलं.

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. "त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता," ती म्हणाली.

"तू मला बांधून घेऊ दिलंस! मला वाटत होतं तोही येतोय, आणि तू बघत राहिलीस!"

"मी तुला विचारलं होतं."

"तू प्लॉय करता करता एक कोडं घातलंस! त्याला विचारणं म्हणतात?"

"नाही म्हणत," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मला तिचं रडणं बघून काहीच वाटलं नाही. त्याचाही मला धक्का बसला.

बाबा उठून बाहेर गेले आणि आधीच साफ असलेल्या अंगणातला बर्फ परत काढायला लागले.

एमील गॅरेजमध्ये होता. मी म्हटलं, "तू खोटारडा आहेस."

"मी ख... खोटं बोललो नाही. तू विचारलंस पाठवलास का. मी ह... हो म्हटलं. तू कुठे ते विचारलंच नाहीस."

"वकील झालास!"

"कोरी. तुझ्याशी वादात मी कधी जिंकलो का? म... महिनाभर थांबलो असतो, तर तू मला वेदरबी कसं चांगलं ते पटवलं असतंस. मला पटलंही असतं. म्हणून मागे फिरता येणार नाही असंच पाहिजे होतं."

"पण मला का जाऊ दिलंस? मी कोणासाठी अर्ज केला?"

त्यावर मात्र त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "ते चुकलं. ते मी सां... सांगायला पाहिजे होतं. मला भीती वाटली."

"कोणाची?"

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला अजून कळलेलं नाही तो कोणाबद्दल बोलत होता. मॅडमना घाबरला असेल.

१५ डिसेंबर, सोमवार

वेदरबीने घेतलं.

पडद्यावर हिरवी पानं उडाली, अभिनंदन आलं. आई दारात उभी होती, आत आली नाही. मला काहीही झालं नाही. दात काढताना सुई देतात तसं सगळं अंग.

१७ डिसेंबर, बुधवार

पेलटिए मॅडमकडे गेले. पहिल्यांदा एकटी. मी त्यांना बरंच काही सुनावायचं ठरवलं होतं आणि सुनावलंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला सांगता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याचं गुपित होतं ते. मी तुला वेळ घे एवढंच म्हणू शकत होते. तेही तू ऐकलं नाहीस."

"मला यातून सोडवा."

"वचन दिलंयस. सोडवणं माझ्या हातात नाही, त्यांनाच फोन करून बघ. पण ते कारण विचारतील. त्याआधी मला सांग, तिथलं तुला काय आवडलं होतं?"

"वर्गात बाराच मुलं. म्हणजे त्याला..." मी थांबले. "सुतारकामाची शेड. तो लाकडाचं..." परत थांबले. "जंगल आहे, म्हणजे माणसांचा कंटाळा आला की..."

"तुला माणसांचा कंटाळा येतो?"

"मला? नाही हो. मला तर माणसंच लागतात."

मी खुर्चीवर बसले होते आणि मला असं वाटलं की खुर्चीखालची जमीन कोणीतरी ओढून नेली. एक कारण माझं निघेना. एकही! मी सतरा वर्षांची आहे, शाळेत भाषणाची ढाल माझ्याकडे आहे, आणि मला काय आवडतं या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२० डिसेंबर, शनिवार

आज जे ऐकलं ते लिहावं की नाही?

दुकानातून परत आले तर घरात कोणीतरी परका मुलगा बोलत होता. भरभर, मजेत, मध्येच हसत. एमीलचा कोणी मित्र आला असेल म्हणून बूट काढता काढता ऐकत होते. नदीपलीकडच्या कॅनडातल्या हॉकीबद्दल काहीतरी चाललं होतं. बोलण्याची लकब ओळखीची वाटली. बाबांसारखी.

पायऱ्या चढून वर गेले. एमील फोनवर होता. टॅमरॅकला ज्याच्याबरोबर राहणार त्या मुलाशी बोलत होता. एकदा अडखळला, थांबला, पुढे गेला. पलीकडचा मुलगाही थांबला असावा. बस.

मग त्याला मी दिसले. "न... नंतर करतो," तो फोनमध्ये म्हणाला.

मी खाली आले. पिशवीतली अंडी फ्रिजमध्ये ठेवली. सगळी ठेवून झाल्यावर परत काढली आणि परत ठेवली. माझे हात काय करतायत ते माझं मलाच कळत नव्हतं.

मी जवळ नसले की तो असा बोलतो, हे कुठल्या डॉक्टरने कधी सांगितलं नाही. का सांगितलं होतं? आई मला लहानपणी अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे त्याच्याबरोबर न्यायची, आणि मग अचानक मला नेणं बंद झालं. मी रुसले होते. मला वाटलं होतं, तिथल्या गोड गोळ्या मला मिळू नयेत म्हणून.

२२ डिसेंबर, सोमवार

वेदरबीला फोन केला. मुलाखत घेणारे मिस्टर ट्रास्कच भेटले. मी कारणं लिहून ठेवली होती, घर लांब पडतं, आईची तब्येत, वगैरे. सगळी खोटी. त्यांनी "बोल" म्हटलं आणि मी भलतंच बोलून गेले.

"मी माझ्या भावासाठी अर्ज केला होता. तो येत नाहीये."

ते म्हणाले, "तुला भाऊ आहे?"

"जुळा! मुलाखतीत सांगितलं असेल ना मी."

"कोरीन, आपण पाऊण तास बोललो. मी सगळं टिपून घेतो. भावाचा विषय निघालाच नव्हता."

"मग मी काय बोलले?"

"नदी. वसंतात तुमच्या नदीवरचा बर्फ फुटतो त्याचा आवाज. तू सांगितलंस की तो कधी फुटणार यावर गावात पैजा लागतात, आणि का फुटतो ते कोणी धड सांगत नाही म्हणून तुला राग येतो. मी तुला थांबवायचा प्रयत्न केला, तू थांबली नाहीस." ते हसले. "आमच्याकडे नद्यांवर काम करणाऱ्या एक बाई आहेत. मी त्यांना सांगितलं, तर आता रोज विचारतात, ती बर्फवाली आली का."

मला बोलताच येईना. मी! तोंडाने "हं" एवढंच निघालं.

"हे बघ," ते म्हणाले, "वचन हे वचन आहे, आणि आम्ही ते असं सहज सोडत नाही. पण कोणाला ओढूनही आणत नाही. नाताळ होऊ दे. मग मला सांग. मात्र भावाचं नको सांगूस, तुझं सांग."

फोन ठेवल्यावर मी आरशात बघितलं. चेहरा तोच होता.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ पार पडला. खिमा भरलेली नाताळची तूर्तियेर खाताना कोणी फारसं बोललं नाही. पूर्वी जेवणाच्या टेबलावर एवढी शांतता कधी नसे. बाबा म्हणाले, "घड्याळाला एवढा आवाज आहे हे मला आज कळलं."

आईला मी अजून माफ केलेलं नाही. पण भांडी तिच्याबरोबर पुसली.

३ जानेवारी, शनिवार

वेदरबीला हो कळवलं.

खात्री आहे का? नाही. परवा रेग्युलरने आणखी कुठे अर्ज केला असता ते बघायला बसले होते, नुसतं समजून घ्यायला. पहिलं कॉलेज उघडलं आणि मनात आलं, इथे एमीलला कसं वाटेल? दुसरं उघडलं, तेच. तो दीड हजार मैल लांब जाणार आहे आणि माझं डोकं अजून त्याच्याच खोल्या शोधतंय! म्हणजे मार्चपर्यंतच काय, मार्चच्या पुढच्या मार्चपर्यंत वेळ दिला असता तरी मी त्याच्याच वतीने निवड केली असती.

पण नदीबद्दल पाऊण तास बोलणारी ती मुलगी कोण होती ते मला बघायचंय. तिला फक्त त्या लोकांनीच पाहिलंय.

मिस्टर ट्रास्कना एवढंच म्हटलं, "बर्फवाली येते म्हणून सांगा."

एमीलला सांगितलं. तो म्हणाला, "न... नक्की?" मी म्हटलं, "नाही." तो खूश झाला. यात खूश होण्यासारखं काय होतं?

४ जानेवारी, रविवार

मोठं वादळ येऊन गेलं. बाबांच्या स्वतःच्या गाडीला पुढे फाळ लावलाय, त्याने ते शेजारच्या म्हाताऱ्यांचे रस्ते मोकळे करून देतात. आज आम्ही दोघंही बरोबर गेलो. बाबा, मध्ये मी, दाराशी एमील.

मिसेस बूशेंचं अंगण झालं आणि एमील म्हणाला, "रिंगणावर प... परवा एक गंमत झाली."

वाक्य पुरं करायला माझं तोंड उघडलं होतं. पण काय गंमत झाली ते मला माहीतच नव्हतं. मी तोंड मिटलं.

त्याने सांगायला सुरुवात केली. बर्फ गुळगुळीत करायच्या यंत्रात एक पातं असतं. ते सोळा बोल्टांनी बसवतात. त्यातला एक बोल्ट ढिला होता. कुठला, ते आधी कळेना. मग त्याने आणि सोसिएंनी पहिल्यापासून तपासायला घेतलं. प्रत्येक बोल्टाची हकिगत आली. मध्येच अडखळला, की मी मांडीखाली हात दाबून बसायची. बाबा रस्त्याकडे बघत होते, पण त्यांनी रेडिओ बंद केलेला मी पाहिला. नवव्या बोल्टाला सोसिएंची पत्नी आली आणि तिने डोनट आणले, त्यांचंही वर्णन झालं.

मी थक्क झाले. इतकी वर्षं मला वाटायचं, याच्या मनात केवढं काय काय अडकून पडलं असेल! बाहेर यायला धडपडणारे थोर, दुःखी विचार. मी रडले आहे त्यावर. आणि माझा भाऊ निघाला चक्क कंटाळवाणा! सोसिए खरंच सांगत होते. डोकं उठवतो.

"मग कुठला होता?" मी विचारलं.

"थ... थांब ना. अजून अकरावाच आहे."

शेवटचं अंगण साफ झालं, आम्ही घरी पोचलो. बाबांनी इंजिन बंद केलं. आई खिडकीतून हात हलवत होती, जेवायला या म्हणून. कोणी उतरलं नाही. बोल्टाची गोष्ट संपली होती, पण एमीलला त्यावरून दुसरी आठवली होती.